मोजणारे आणि मोजले जाणारे

(हिंगणा येथे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण. लेखरूप देताना काही भाग संक्षिप्त केला आहे.)



समाजशास्त्र हा विषय तुम्ही का घेतला, असे सभेपूर्वी मी तुमच्यापैकी काही जणांना विचारले. उत्तरे प्रांजळ मिळाली. या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, त्यामुळे खर्च बेताचा. स्पर्धा परीक्षेला तो उपयोगी पडतो. आणि कामधंदा सांभाळून, रोज वर्गात न बसताही तो निभावता येतो. दुसरीकडे जाण्याची ऐपत नव्हती म्हणून इकडे आलो, हे चौथे उत्तर कोणी दिले नाही. ते न देताही कळत होते.

या उत्तरांत लाज वाटण्यासारखे काहीही नाही. आपल्या राज्याच्या उच्च शिक्षणाची सारी उतरंड त्यांत दिसते. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढते आहे, अशी मुले-मुली बहुधा कला शाखेत येतात. सालदाराचा मुलगा, निंदणाला जाणाऱ्या बाईची मुलगी, एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराची बहीण, असा हा वर्ग असतो. म्हणजे समाजातील विषमतेचा ज्यांना सर्वाधिक अनुभव आहे तेच नेमके समाजाचा अभ्यास करणाऱ्या विषयात, उरलेसुरले म्हणून, येऊन पडतात. आणि तेथे त्यांच्या हाती काय पडते? समाज म्हणजे काय याच्या पाच व्याख्या, त्या करणारे पाचही पंडित परदेशी, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री बाजारातले गाईड. ज्या मुलाला जात म्हणजे काय हे पाणवठ्यावर कळले, तो जातीची लक्षणे दुसऱ्याच्या शब्दांत पाठ करतो आणि त्यांतले एखादे विसरला म्हणून नापास होतो. या प्रचंड अपव्ययाविषयी मला आज बोलायचे आहे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि शिक्षक. आयुष्यभर मागणी आणि पुरवठा यांच्या वक्ररेषा फळ्यावर काढल्या. आमच्या शास्त्राविषयी माझ्या मनात अनादर नाही. परंतु त्याची एक मर्यादा तुमच्यासमोर मांडली, तर तुमच्या विषयाचे मोल कदाचित अधिक स्पष्ट होईल.

हिंगणा मार्गावरची ही औद्योगिक वसाहत घ्या. अर्थशास्त्र विचारील, येथे अकुशल मजुराची रोजी किती आणि ती किमान वेतनापेक्षा कमी का? प्रश्न रास्त आहे. परंतु कारखान्याच्या फाटकापर्यंत कोण पोहोचले आणि कोण मजुरांच्या ठिय्यावरच उभे राहिले, ठेकेदार कोणत्या वस्तीतून माणसे उचलतो, हजेरीपटावर ठेवायचे कोणाला आणि दर काही महिन्यांनी नाव कापायचे कोणाचे, संडास-नाल्यांच्या कामावर नेमकी कोणाचीच नावे येतात, हे प्रश्न आमच्या रेषांमध्ये मावत नाहीत. आम्ही त्यांना 'इतर परिस्थिती कायम असताना' या चार शब्दांत गुंडाळून बाजूला ठेवतो. मित्रहो, ती 'इतर परिस्थिती' म्हणजेच तुमचे समाजशास्त्र!

याचे एक जुने उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचे. कापड गिरणीत विणकाम खात्याची मजुरी इतर अनेक खात्यांपेक्षा चांगली असे. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नसे. कारण काय, तर धोट्यातले सूत तुटले की ते तोंडाने ओढून काढावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. गिरणीमालकाने हा नियम केला नव्हता. तो कामगारांनीच कामगारांवर लादला होता. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. कामगार-एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला, यात नवल नाही. मजुरीच्या दरातला तो फरक आमच्या कोणत्याही सूत्राने समजत नाही. धोटा, सूत आणि ओठ यांचा संबंध ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो समजतो.

कोणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची कथा झाली. तर अलीकडची घ्या. अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटेवेल यांनी मिळून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. अर्जदार काल्पनिक होते. शिक्षण आणि पात्रता तुल्य. वेगळे होते ते नाव. एका नावावरून उच्चवर्णीय हिंदू ओळखू यावा, दुसऱ्यावरून दलित, तिसऱ्यावरून मुसलमान. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुसलमान नावाला एक-तृतीयांश. मुलाखत नाही, चेहरा नाही, भाषा नाही, केवळ आडनाव! गुणवत्ता बाजारात आपोआप वर येते असे मानणाऱ्या आमच्या शास्त्राला ही चपराक होती. ती मारायला एक अर्थशास्त्रज्ञ आणि एक समाजशास्त्रज्ञ एकत्र यावे लागले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता तुमच्या विषयाच्या जन्माकडे वळू. आपल्याकडे समाजशास्त्राच्या इतिहासाचा आरंभ बहुधा १९१९ पासून सांगितला जातो. त्या वर्षी मुंबई विद्यापीठात हा विभाग निघाला, पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार त्याचे पहिले प्राध्यापक झाले आणि १९२४ पासून डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो जवळजवळ साडेतीन दशके चालवला. मालवणच्या या कडक शिस्तीच्या विद्वानाने भारतभरच्या विद्यापीठांना समाजशास्त्राचे शिक्षक पुरवले, एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, अ. र. देसाई ही सारी त्यांचीच शिष्यपरंपरा. त्यांचा जातिसंस्थेवरचा ग्रंथ १९३२ चा. त्यात सांगितलेली जातीची सहा लक्षणे तुम्ही आजही पाठ करता. हा वारसा थोर आहे आणि तो नाकारण्याचा उथळपणा आपण करू नये. तथापि त्या परंपरेचा कल संस्कृत ग्रंथांतून समाज वाचण्याकडे होता, हेही नमूद केले पाहिजे. पोथीत समाज जसा असायला हवा तसा दिसतो. तो ज्यांच्या पाठीवर उभा असतो त्यांचा आवाज पोथीत नसतो.

परंतु मराठी मुलखात समाजशास्त्राचा आणखी एक जन्म झाला आहे, आणि तो कितीतरी आधीचा आहे. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली किशोरवयीन विद्यार्थिनी होती. हा निबंध केवळ कळवळ्याचा म्हणून वाचला जातो. त्यातले निरीक्षण पाहिले जात नाही. या मुलीने बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांविषयी लिहिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वरच्यांनी खाली ढकललेला महार आपल्याही खाली मांगाला ढकलतो आणि त्याच्याशी व्यवहार करायला कचरतो, हे तिने पाहिले व निर्भयपणे सांगितले. विषमतेला पायऱ्या असतात, प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधान असते आणि म्हणूनच ती टिकते, हा सिद्धान्त पुढे बाबासाहेबांनी शास्त्रशुद्धपणे मांडला. त्याचे बीज एका शाळकरी मुलीच्या निबंधात आहे. तिने कोणता विचारवंत वाचला होता? तिने आपली वस्ती वाचली होती.

पुढे १८८२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून घरातल्या सत्तेचा हिशेब मांडला. आणि हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. आपली ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी दिली. पंडित म्हणून दिली नाही. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हे त्यांनी आयोगाला ऐकवले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला सार्वजनिक खर्चाच्या लाभार्थींचे विश्लेषण म्हणतात. आम्ही तो धडा पदव्युत्तर वर्गात शिकवतो. पण फुल्यांचे नाव न घेता.

आणि मग ९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. जोडीला समाजशास्त्र व मानववंशशास्त्र होतेच. त्यांचा प्रश्न साधा होता. जात टिकते कशी? उत्तरही थेट होते: जातीबाहेर लग्न न होऊ देण्याने. आणि मग त्यांनी एक गणित मांडले. जातीतल्या जातीतच लग्ने लावायची तर विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समसमान राहिली पाहिजे. नवरा मेला की एक स्त्री 'जादा' होते, बायको मेली की एक पुरुष. या जादा स्त्रीचे करायचे काय? तिला चितेवर घाला, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. जादा पुरुषाला मात्र जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. म्हणून त्याला वयात न आलेली मुलगी द्या. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या तीन प्रथा आपण तीन वेगळ्या धड्यांत वाचतो. या तरुणाने त्या एका यंत्राच्या तीन चाकांसारख्या जोडून दाखवल्या. जातीचे कोडे स्त्रीच्या देहावर उभे आहे, ही अंतर्दृष्टी १९१६ ची. तो निबंध १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला. १९१८ मध्ये हेच गृहस्थ मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढच्याच वर्षी त्याच शहरात समाजशास्त्राचा विभाग निघाला. दोन्ही वास्तू काही कोसांच्या आत. परंतु विद्यापीठीय समाजशास्त्राने या निबंधाला आपल्या पहिल्या बाकावर बसवायला कित्येक दशके घेतली. १९७९ पासून नागपूरच्या वस्तीत वाढलेल्या वसंत मून यांच्या संपादनाखाली शासनाने बाबासाहेबांचे लेखन खंडशः छापायला घेतले, तेव्हा कोठे तो सामान्य विद्यार्थ्याच्या हाताशी आला.

ही वंशावळ मी मुद्दाम सांगितली. मुक्ता, ताराबाई, जोतीराव, भीमराव. ही चारही माणसे ज्यांच्याविषयी इतरांनी लिहायचे, ज्यांना इतरांनी मोजायचे, अशा बाजूची होती. त्यांनी मोजपट्टी स्वतःच्या हातात घेतली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने समाजशास्त्र शिकणे म्हणजे मला एवढेच अभिप्रेत आहे: जो मोजला जातो त्याने मोजायला शिकावे, आणि मोजपट्टीवरच्या खुणा कोणी व का पाडल्या हे विचारायलाही शिकावे.

विद्यापीठातली माणसे घराबाहेर पडलीच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. इरावतीबाई कर्वे यांनी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची पाहणी केली, ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. धरण म्हणजे केवळ वीज आणि प्रगती असे मानण्याच्या त्या काळात ते मोठेच काम होते. अ. र. देसाई मार्क्सवादी दृष्टीने शेतकऱ्यांचे लढे अभ्यासत राहिले. पुण्यात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या अनुभवातून जात आणि लिंगभाव यांची गाठ उकलली; २०१३ मध्ये त्या अकाली गेल्या. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून आल्या, सत्यशोधक चळवळीवर प्रबंध लिहिला आणि कासेगावच्या होऊन राहिल्या. अशी नावे आहेत. पण ती बोटांवर मोजावी लागतात.

मोजपट्टीवरच्या खुणा म्हणजे काय, ते आपल्या विदर्भाच्याच एका जखमेवरून पाहू. २००५-०६ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा प्रदेश हादरला होता. मुंबई उच्च न्यायालयापुढे टाटा समाजविज्ञान संस्थेचा अहवाल आला, शासनाने अभ्यास करवून घेतले, आणि जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. ती सहा जिल्ह्यांसाठी होती: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. नागपूर त्यांत नव्हते. आपल्या तालुक्याची शीव वर्धा जिल्ह्याला लागते. शिवेच्या पलीकडच्या वावरातली पऱ्हाटी संकटग्रस्त आणि अलीकडची नाही, असा त्याचा कागदोपत्री अर्थ झाला. पावसाला आणि बोंडअळीला जिल्ह्याची हद्द कळत नाही. शासनाला तीच तेवढी कळते.

याहून खोल गोष्ट एक लाख रुपयांच्या साहाय्याची. मृताच्या कुटुंबाला ते मिळावे की नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवी. निकष होते. जमीन मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावावर हवी. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. परतफेडीचा तगादा सिद्ध व्हावा. या चाळणीतून प्रत्येक मृत्यू खाली येई तो 'पात्र' किंवा 'अपात्र' होऊन. मरणाला पात्रता! विचार करा, या चाळणीच्या भोकांतून कोण निसटले. दुसऱ्याचे वावर बटईने वा मक्त्याने करणारा. त्याच्या नावावर सातबाराच नाही. बिनपरवाना सावकाराकडून, साल्या-मेहुण्याकडून, कृषिकेंद्रातून उधार घेतलेला; त्याच्या कर्जाला कागद नाही. आणि शेतात पेरणीपासून वेचणीपर्यंत राबूनही जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही ती बाई. तिने कीटकनाशक घेतले तर पंचनाम्यात 'कौटुंबिक कलह' लिहिले जाण्याचीच शक्यता अधिक.

अर्थशास्त्रज्ञ म्हणून आम्ही मृत्यूंची संख्या घेतली, कापसाचा भाव घेतला, कर्जाचा आकडा घेतला आणि सहसंबंध काढले. ते आवश्यकच होते. पण ज्या 'शेतकरी' या शब्दावर सारे आकडे उभे होते, तो शब्द कोणी ठरवला? त्यात कोण बसते, कोण बसत नाही? हा प्रश्न तुमच्या शास्त्राचा आहे. तो वाङ्मयीन प्रश्न नाही. त्याच्या उत्तरावर एक लाख रुपये, मुलांचे शिक्षण आणि एखाद्या विधवेचे उरलेले आयुष्य अवलंबून होते. तलाठ्याच्या दप्तरातला एक रकाना माणसाच्या वाट्याचा न्याय ठरवू शकतो, हे ज्याला उमगले त्याला समाजशास्त्राचा गाभा उमगला.

आपल्याकडे कचेरीच्या दृष्टीनेही समाज उत्तम टिपला गेला आहे. त्रिंबक नारायण आत्रे हे महसूल खात्यातले अधिकारी; त्यांचा 'गावगाडा' १९१५ चा. बलुते-अलुते, हक्क, मानपान, गावची लबाडी, असे बारकावे की आजचे प्रबंध फिके पडावेत. प्रत्येकाने तो वाचावा. परंतु वाचताना विचारावे, की हे सारे कोठे बसून दिसते आहे? चावडीच्या ओट्यावरून की पांढरीबाहेरच्या वस्तीतून?

आता थोडे कटू बोलतो. २००२ मध्ये गोपाळ गुरू यांनी एका लेखात भारतीय सामाजिक शास्त्रांना विचारले, की तुमच्या घरात तरी समता आहे काय? त्यांचा आक्षेप असा, की सिद्धान्त मांडण्याचे काम काही मोजक्या वर्णांकडे राहिले आहे आणि माहिती गोळा करण्याचे ओझे बाकीच्यांकडे आले आहे. ज्ञानाच्या क्षेत्रातही एक गावगाडा आहे. तुमच्यापैकी ज्यांनी रोजावर सर्वेक्षणाचे काम केले असेल त्यांना हे सांगायला नको. प्रश्नावली मुंबई-दिल्लीत तयार होते. तुम्ही उन्हातान्हात दारोदार हिंडून ती भरता. तुमची बोली येत असल्यामुळे दारे उघडतात, माणसे बोलतात. पुस्तक निघते तेव्हा तुमचे नाव ऋणनिर्देशातही नसते. यावर उपाय रुसून बसणे हा नाही आणि 'आमचे दुःख आम्हीच जाणू' असे म्हणून शास्त्राकडे पाठ फिरवणे हाही नाही. अनुभव हा कच्चा माल आहे. वैदर्भीय माणसाला हे अधिक सांगायला नको: कापूस आपण पिकवायचा, गाठी आपण बांधायच्या आणि कापड दुसरीकडे विणले जायचे, हा व्यापार आपण दीडशे वर्षे पाहिला आहे. संख्याशास्त्र शिका. नमुना कसा निवडतात, दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे का होत नाही, ते शिका. इंग्रजीची भीती बाळगू नका आणि मराठीची लाज बाळगू नका.

याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. पुरुषाला एकाहून अधिक बायका करण्यास बंदी, कामगार स्त्रियांना रजा, मुलींसाठी वसतिगृहे, असे ठराव त्या परिषदेने केले. दीर्घकाळ ही परिषद मुख्य इतिहासात एक ओळ म्हणूनही नव्हती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी गावोगाव फिरून वृद्ध कार्यकर्त्यांना भेटल्या, त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. विद्यापीठाचे अनुदान आणि खुर्ची असणाऱ्यांना जे सुचले नाही ते या दोघींनी केले. यापेक्षा चांगला क्षेत्राभ्यास मी तुम्हाला दाखवू शकत नाही.

सामाजिक न्याय हे राजकारण आहे, ते शास्त्रात कशाला, असा आक्षेप नेहमी येतो. तटस्थता हा शब्द मोठा सोज्वळ आहे. माहिती गोळा करताना तटस्थ असलेच पाहिजे. आपल्या आवडीच्या निष्कर्षासाठी आकडा वाकवणारा न्यायाचाही शत्रू आणि शास्त्राचाही. परंतु कोणता प्रश्न विचारायचा हे तटस्थतेने ठरत नाही. वैद्यकाला रोग आणि आरोग्य यांत तटस्थ राहा असे कोणी सांगत नाही.

मात्र हाच नियम आपल्या बाजूलाही लावला पाहिजे, आणि येथे आमच्या समाजवादी मित्रांनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. जात की वर्ग या वादात आपण अर्धे शतक घालवले. डॉ. लोहियांनी जातीचा प्रश्न समाजवादाच्या मध्यभागी आणला, मागासांत स्त्रियांचाही समावेश केला आणि साठ टक्के विशेष संधीची मागणी केली. तरी आपल्या शिबिरांत जातीचा उल्लेख निघाला की अजून खुर्च्या सरकतात. दुसरीकडे, जे जातीविषयी मोकळेपणाने बोलतात ते आपल्या पायरीखालच्या पायरीविषयी गप्प होतात. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सहा विरुद्ध एक अशा बहुमताने, अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. आपल्या राज्यात मातंग समाजाची ही मागणी जुनी आहे. या निर्णयाने चळवळीतली जिवाभावाची माणसे दुभंगली. एक बाजू म्हणते, ही फूट पाडण्याची खेळी. दुसरी म्हणते, आमचा वाटा आमच्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही. माझे मत विचाराल तर, अविश्वासाला कारणे आहेत हे मान्य करूनही, मोजणीला घाबरण्याचे कारण नाही. कोणत्या जातीतले किती जण दहावीच्या पुढे गेले, किती जण पदवीला पोहोचले, कोणाकडे नोकऱ्या आल्या, हे तालुक्या-तालुक्यात मोजले पाहिजे; आणि ते आपल्याच जातीच्या सोयीचे निघाले नाही तरी जसेच्या तसे छापले पाहिजे. मुक्तेने १८५५ मध्ये एवढे धैर्य दाखवले होते. तिच्या नावाने सभा घेणाऱ्यांनी निदान तेवढे तरी दाखवावे.

मोजणीचाच प्रसंग येतो आहे. सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झाले ते १९३१ च्या जनगणनेत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जातींची माहिती घेतली गेली, ती बाहेर आलीच नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचे जाहीर केले आणि त्या जनगणनेचा संदर्भ-दिनांक १ मार्च २०२७ ठरला. प्रगणक दारात येऊन जात विचारील तेव्हा उत्तर कोण देईल? घरातला कर्ता पुरुष. पोटजात सांगेल, आडनाव सांगेल, की नुसता प्रवर्ग? भटक्या जमातीचे कुटुंब पालावर नसेल तर? दुसऱ्या राज्यातून या वसाहतीत आलेल्या मजुराची जात येथल्या यादीत कोठे बसेल? या प्रश्नांवर वर्तमानपत्रांत घोषणा पुष्कळ झाल्या. अभ्यास फार थोडा. तो तुमच्यासारख्यांच्या हातचा आहे.

पण विद्यार्थ्यांकडून एवढी अपेक्षा करायची आणि त्यांना द्यायचे काय? कायम प्राध्यापकाच्या जागी वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावरचा शिक्षक. तो एका महाविद्यालयातला तास संपवून दुसऱ्याकडे धावतो. मुलांना घेऊन वस्तीत जायला त्याच्याकडे वेळही नाही आणि अधिकारही नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी १९४४ मध्ये सुरू झाली. ऐंशी वर्षांनंतरही ती वर्ष संपता संपता हाती पडत असेल, तर मधले महिने विद्यार्थ्याने कोणत्या ठिय्यावर उभे राहायचे, हे कोणी सांगावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत. तरतूद चांगली आहे. मागच्या वर्षीच्या प्रकल्पाची झेरॉक्स काढून, मुखपृष्ठ बदलून, वर स्पायरल बाइंडिंग करून ती सफल करायची की बिघडवायची, हे मात्र दिल्लीत ठरत नाही. आपल्या पक्षाने, शिक्षक संघटनांनी आणि विद्यार्थ्यांच्या मंडळांनी भरतीची आणि वेळेवर शिष्यवृत्तीची मागणी एकत्र केली पाहिजे. ती वेगवेगळी केली की दोन्ही बाजूंना वेगवेगळी आश्वासने मिळतात.

प्रकल्पासाठी विषय कोणता घ्यावा, असे मला येथे दोघांनी विचारले. 'ग्रामीण समाजातील बदलते प्रवाह' असले भारदस्त मथळे घेऊ नका. या वसाहतीसाठी जमीन गेली तेव्हा मोबदला मालकाला मिळाला. त्याच जमिनीवर राबणाऱ्या सालदारांची मुले-नातवंडे आज कोठे आहेत, एवढेच शोधा. वीस कुटुंबे पुरेत. किंवा त्याहून जवळचे काम घ्या. महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात आईचा व्यवसाय असा एक रकाना असतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्यात 'गृहिणी' लिहिले असेल. तुमच्या वर्गातल्या पन्नास जणांना विचारा, अर्जात काय लिहिले. आणि मग प्रत्येकाच्या आईचा कालचा दिवस, पहाटे उठल्यापासून, तासातासाने, तिलाच विचारून लिहून काढा. निंदण असेल, कारखान्यातली पॅकिंगची पाळी असेल, चार घरची धुणीभांडी असतील, पाणी भरणे असेल. तिला मजुरी किती मिळाली आणि कोणाच्या हातात दिली, तेही लिहा. दोन्ही रकाने शेजारी शेजारी मांडा. तुमचे सर ते तपासतीलच. एक प्रत माझ्याकडे पाठवा, मला ती वाचायची आहे.